जनावरांचा दवाखाना बांधताय? नकाशा पास करायच्या आधी वाचा (नाशिकमधे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नाशकात कुत्र्या-मांजरांचा आणि थोडाफार गाई-म्हशींचा दवाखाना चालवतो. पहिला दवाखाना दोन गाळे जोडून केला, तो चांगलाच चुकला. मग आडगावच्या बाजूला छोटा प्लॉट घेऊन दुसरा बांधला, तोही चुकला पण जरा कमी. आता दर महिन्याला कोणीतरी नवा डॉक्टर फोन करतो, "सर, जागा बघितलीये, येऊन सांगा ना कसं करू." दर वेळी तेच प्रश्न आणि माझी तीच बडबड, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

किती स्क्वेअर फूट जागा लागते?

सगळे पहिला हाच प्रश्न विचारतात आणि माझ्या मते तो पहिला नसायलाच पाहिजे. आधी कागद घ्या, चार-पाच रंगांची स्केचपेनं घ्या आणि भिंती न काढता नुसत्या वाटा काढा. लस टोचायला आलेलं पिल्लू गेटपासून टेबलापर्यंत कसं जाणार, उलट्या-जुलाब होणारं पिल्लू कसं जाणार, मांजर कुठून जाणार, ऑपरेशनचं कुत्रं, घाबरलेला मालक, केर-कचरा, मेलेलं जनावर, आणि गाई घेणार असाल तर गाईचा टेम्पो. आजारी पिल्लाची रेघ लसवाल्या पिल्लाच्या रेघेला जिथे छेदते तिथे तुमच्या दवाखान्याला पुढची वीस वर्षं त्रास होणार, एवढं पक्कं समजा. वाटा जमल्या की भिंती आपोआप पडतात. तरी आकडाच हवा असेल तर फक्त छोटी जनावरं आणि दोन डॉक्टर असतील तर १२०० ते १५०० स्क्वेअर फुटात नीट काम होतं. ६०० मधेही होतं, मी सात वर्षं केलं, पण मग अ‍ॅडमिट पेशंट ठेवायचा हट्ट सोडा.

गाळ्यात किंवा बिल्डिंगच्या खाली चालेल का?

ओपीडी आणि लसीकरण एवढंच असेल तर चालेल. रात्री कुत्री ठेवणार असाल तर नको. बंद वॉर्डात पाच-सहा कुत्री एकदम भुंकली की आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दहावीचं पोरगं असतंच असतं. माझ्या पहिल्या जागेत सोसायटीच्या काकांनी मला दोन महिने फक्त "डॉक्टर, काल रात्री पण झाली बरं का मैफल" एवढंच सुनावलं, तिसऱ्या महिन्यात नोटीस आली. गाळा घ्यायच्या आधी ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते बघा, पार्किंगला निदान दोन चारचाकी आणि एक रिक्षा उभी राहील का बघा, आणि मागच्या बाजूला दुसरं दार काढता येतंय का बघा. मागचं दार नसेल तर मी गाळा घेणार नाही, का ते शेवटी सांगतो.

पार्वोसाठी (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा साथीचा रोग) खरंच वेगळी खोली लागते का? आम्ही नीट फिनाइल मारतो.

लागते हो. आणि फिनाइलनं पार्वो मरत नाही.

मीच केलेला घोळ सांगतो. पहिल्या दवाखान्यात वेटिंग एकच, बाकं तीन. मे महिन्याची संध्याकाळ, गर्दी मरणाची. एक लॅबचं पिल्लू मालकाच्या मांडीवर, टॉवेलमधे गुंडाळलेलं, मधूनच पिवळी उलटी करतंय, आणि बाकाखाली एक बीगलचं पिल्लू, पहिल्या लसीला आलेलं, साखळी ताणून ताणून तीच उलटी हुंगतंय. मी आतून बघितलं पण हातात दुसऱ्या कुत्र्याचा पाय होता. सहाव्या दिवशी बीगल रक्ताचे जुलाब घेऊन परत आलं. वाचलं ते, पण त्या मालकीणबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाऊल ठेवलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पार्वोचा व्हायरस वरच्या चरबीच्या आवरणाशिवायचा असतो त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर याला तो दाद देत नाही आणि फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. ब्लीच चालतं, म्हणजे घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, पण आधी घाण साबणानं धुवून काढायची कारण घाणीवर ब्लीच टाकलं की त्याचा दम तिथेच संपतो, आणि मग दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आमचे पोरं दोन मिनिटांत पुसून मोकळी व्हायची, शेवटी भिंतीवर घड्याळ लावलं.

खोलीला बाहेरून थेट दार पाहिजे, म्हणजे पिल्लू गाडीतून उतरून वेटिंगमधे न येता सरळ आत. आत स्वतःचं बेसिन, स्वतःची बादली, पोछा, थर्मामीटर, अ‍ॅप्रन, चपला, सगळं वेगळ्या रंगाचं म्हणजे कोणी उचलून बाहेर नेलं तर लगेच दिसतं. एक्झॉस्ट फॅन बाहेर फेकणारा, तोही वेटिंगच्या खिडकीकडे तोंड करून नाही (हे मी एका मित्राकडे स्वतः बघितलंय). दारात काचेची खिडकी ठेवा, सलाइन चालू आहे का बघायला दर वेळी आत जावं लागू नये. डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक साथीचा रोग) हवेतून पसरतो म्हणून त्याला आणि पार्वोला एकाच खोलीत कोंबू नका, जागा नसेल तर एकाला दुसरीकडे पाठवा पण कोंबू नका.

कुत्री आणि मांजरं एकाच वेटिंगमधे बसली तर काय बिघडतं?

मांजराचं बिघडतं. कुत्र्याचा वास आणि आवाज आला की ते पिंजऱ्यात आक्रसून बसतं, मग टेबलावर हात लावू देत नाही आणि मालक म्हणतो घरी तर एकदम गरीब आहे हो. स्वतंत्र खोली नसेल तर निदान चार फुटांचं पार्टिशन टाका आणि मांजराचा पिंजरा ठेवायला कमरेच्या उंचीवर एक फळी ठोका. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्याला प्रत्येक कुत्रं नाक लावून जातं. फळीवर एक धुतलेला टॉवेल ठेवा, पिंजऱ्यावर टाकायला. या सगळ्याचा खर्च दीड-दोन हजार रुपये असेल, फायदा रोजचा.

मुख्य दाराबद्दल काही?

दोन दारं. बाहेरचं एक, आतलं एक, मधे चार-पाच फूट. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पट्टा सुटलेलं कुत्रं एकदा रस्त्यावर मुंबई-आग्रा हायवेच्या दिशेनं सुटलं की त्याच्यामागे डॉक्टर, कंपाउंडर आणि मालक असे तिघं धावतात, मी धावलोय. वजनकाटा याच मधल्या जागेत, फरशीच्या लेव्हलला बसवा, म्हणजे कुत्र्याला चढवावं लागत नाही, चालता चालता वजन होतं.

फरशी कोणती टाकू?

चकचकीत व्हिट्रीफाइड अजिबात नको. म्हातारं लॅब्राडोर तिच्यावर चारी पाय फाकून बसतं आणि मग उठत नाही. वेटिंग आणि ओपीडीला मॅट फिनिश टाइल किंवा घासलेला कोटा, सांधे कमीत कमी, आणि सांध्यात साधं सिमेंट नाही तर इपॉक्सी ग्राउट. साधा सांधा लघवी पितो आणि मग पावसाळ्यात पूर्ण दवाखाना वास मारतो. वॉर्डात फरशी आणि भिंत जिथे मिळते तो काटकोन ठेवू नका, वाटा काढायला सांगा, म्हणजे गोलाई. मिस्त्री लोकांना हा शब्द माहीत असतो, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला करतात तसंच. वर वाटा आखा म्हणालो त्या वेगळ्या, या वेगळ्या, पण दोन्ही पाहिजेत.

आता ढाळ. यावर मी जरा जास्त बोलतो कारण मला जास्त लागलंय. वॉर्डाच्या फरशीला दर शंभराला एक तरी ढाळ पाहिजे आणि तो जाळीकडे पाहिजे. दुसऱ्या दवाखान्यात मिस्त्रीला मी तीनदा सांगितलं, तो तीनदा हो म्हणाला. फरशी बसली, मी सहज एक बादली पाणी ओतलं, तर पाणी जाळीकडे जायचं सोडून दारातून बाहेर निघालं आणि थेट कॅश काउंटरच्या खाली जाऊन थांबलं. मिस्त्री म्हणतो, "साहेब, लक्ष्मीकडे चाललंय, शुभ आहे." सगळी फरशी उखडली. त्यामुळे शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी प्रत्येक खोलीत बादली ओता, लेव्हल ट्यूबवर आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका. जाळीखाली केस अडकवणारी काढता येणारी बास्केट पाहिजेच, आणि पाइप चार इंची. कुत्र्याचे केस आणि शेण दोन्ही एकाच लाइनला सोडू नका, गाईंच्या बाजूची लाइन वेगळी.

ऑपरेशन थिएटर केवढं असावं?

१० बाय १२ पुरतं. पण थिएटरपेक्षा त्याच्या आधीची खोली महत्त्वाची, आणि नव्या लोकांच्या नकाशात नेमकी तीच नसते. केस कापणं, धुणं, सुई लावणं, भूल देणं हे सगळं त्या खोलीत, मग ट्रॉलीवरून थिएटरमधे. थिएटरमधे केस भादरायला लागलात की एसीच्या झोतावर केस उडून नेमके उघड्या पोटाशी येतात. हात धुवायचं बेसिन थिएटरच्या बाहेर, कोपरानं चालणारा नळ. आत बेसिन नको, जाळी नको, फाइलींचं कपाट तर नकोच. ऑटोक्लेव्हची (अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन) खोली लागून घ्या आणि मधे एक छोटी खिडकी ठेवा सामान द्यायला. ऑटोक्लेव्ह १२१ डिग्री आणि १५ पौंड प्रेशरला चालतो, त्याची वाफ थिएटरच्या भिंतीत मुरली तर वर्षात पोपडे येतात, म्हणून त्याला वेगळा एक्झॉस्ट द्या. बोअरचं पाणी त्यात घालू नका, क्षार बसतो.

आयसोफ्लुरेन (भुलेचा गॅस) वापरणार असाल तर उरलेला गॅस बाहेर सोडायचा पाइप भिंतीतून आधीच काढून ठेवा. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि दिवसभर श्वास तुम्हीच घेत असता.

शुद्धीवर येणारं जनावर कोणाच्या तरी डोळ्यासमोर पाहिजे. दूरच्या वॉर्डात नेऊन ठेवलं की दुपारच्या जेवणात सगळे विसरतात. आणि ती जागा उबदार ठेवा, भुलेत अंगाची उष्णता उतरते आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी माहितीच आहे, निफाडचा पारा तर दर वर्षी पेपरात येतो.

एक्स-रे रूमचं काय?

आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी सांगा, नंतर नाही. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) रजिस्ट्रेशन लागतं, ते त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होतं, आणि मशीन घेताना त्याला एईआरबीची मान्यता आहे का ते विचारा, स्वस्तातलं जुनं उचलू नका. भिंत किमान ९ इंची विटांची, दाराला लेड, आणि बाहेरून लोक जातात त्या बाजूला खिडकी असेल तर ती बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर. तळमजल्यावर घेतलीत तर खाली कोणी राहत नाही ही एक काळजी मिटते. आपल्याकडे अडचण अशी की माणसाला "हलू नका" म्हणता येतं, कुत्र्याला नाही, मग कोणीतरी धरून उभं राहतं आणि दर वेळी तोच पोरगा उभा राहतो. थोडी भूल देऊन, वाळूच्या पिशव्या लावून काढा, धरायचंच असेल तर लेड अ‍ॅप्रन, हातमोजे आणि टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा). अ‍ॅप्रन घडी घालून ठेवू नका, आतून चिरतो. त्याच्यासाठी जाड दांडी नकाशातच दाखवा.

पिंजरे किती आणि कसे?

सुरुवातीला आठ-दहा पुरे. स्टीलचे, खाली निथळायला जाळी आणि ट्रे, मोठ्या कुत्र्यांना जमिनीवर ४ बाय ६ चे दोन-तीन कप्पे. पिंजरे समोरासमोर लावू नका, एकमेकांना बघून रात्रभर भुंकतात. मांजरांचे पिंजरे पूर्ण वेगळ्या खोलीत.

चावलेलं किंवा रेबीजचा संशय असलेलं कुत्रं आलं तर?

ते आत आणायचंच नाही, डॉक्टरनं गाडीपाशी जायचं. बाहेरून उघडणारी, कुलूप लागणारी, जाळीच्या खिडकीची एक खोली बाजूला ठेवा. आणि स्टाफमधल्या प्रत्येकाला, झाडूवाल्या मावशींनाही, आधीच रेबीजची लस द्या. रेबीज एकदा लक्षणं दाखवायला लागला की उपाय नाही, त्यामुळे इथे कंजुषी नको.

गाई-म्हशींची सोय करायची का? गावातले लोक तर गोठ्यावरच बोलावतात.

बहुतेक केस गोठ्यावरच होतात हे खरं, पण तार-खिळा खाल्लेली गाय, पोट उघडायचं ऑपरेशन, अडलेलं बाळंतपण, मोडलेलं शिंग, याला जागा असली की दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून लोक टेम्पोत घालून आणतात. पण मग प्लॉटच पाहिजे, गाळ्याचं काम नाही.

सगळ्यात आधी टेम्पो वळायला जागा, गेट बारा फुटी. मग पिकअपच्या फाळक्याच्या उंचीचा एक ओटा आणि त्याला लांब, कमी चढाचा उतार. ओटा नसेल तर काय होतं ते सांगतो, पाच जण गाईच्या मागे, दोन जण शेपटी पिरगाळतात, एक जण "हाण हाण" ओरडतो, आणि आधीच दमलेली गाय घसरून पाय मोडून घेते. उताराला आडव्या खाचा पाडा, गुळगुळीत घोटू नका.

खोडा (गाईला उभं अडकवून ठेवायची चौकट) दोन इंची जीआय पाइपचा, काँक्रीटमधे नीट गाडलेला, साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, वर पत्र्याची उंच शेड. डाव्या बाजूचे आडवे पाइप काढता आले पाहिजेत कारण गाईचं मोठं पोट डावीकडे असतं आणि ते उभ्यानं उघडायचं असतं. गाय मधेच बसली तर सगळे पाइप झटक्यात निघाले पाहिजेत, फॅब्रिकेटर हौसेनं वेल्डिंग मारून टाकतो, मारू देऊ नका. शेडच्या वर एक गर्डर आणि चेन पुली टाकून ठेवा, बसलेली गाय उठवायला दहा माणसं दर वेळी मिळत नाहीत. जवळच पाण्याचा प्रेशरवाला नळ आणि मालकाला बसायला बाक. शेतकरी गाईला सोडून वेटिंगमधे जाऊन बसत नाही, तो तिच्या तोंडाशीच उभा राहणार.

लॅब वेगळी पाहिजे का? सॅम्पल बाहेर पाठवतो ना.

मायक्रोस्कोप तरी स्वतःचा पाहिजे. आपल्या भागाचंच उदाहरण, कांद्याचा भाव पडला की सडका कांदा गाईंपुढे टाकला जातो, जास्त झाला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी लाल होते. गोचीड तापानंही लघवी लाल होते. उपचार पूर्ण वेगळे, आणि रक्ताची एक स्लाइड दहा मिनिटांत बरंच सांगते. कडप्प्याचा ओटा भिंतीत घट्ट बसवा आणि सेंट्रिफ्यूज दुसऱ्या ओट्यावर, नाहीतर तो फिरायला लागला की मायक्रोस्कोपमधे सगळं नाचतं. कुत्र्यांची क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासायची सोय असेल तर उत्तम. द्राक्षाच्या हंगामात बागेतलं कुत्रं द्राक्षं खाऊन येतं आणि मालक म्हणतो फळच आहे की, पण कुत्र्याच्या किडन्या त्यानं बंद पडू शकतात.

वीज, पाणी, ऑक्सिजन?

थ्री फेज कनेक्शन महावितरणकडे आधीच मागा, वाढीव लोड नंतर मागितला की हेलपाटे. इन्व्हर्टरवर थिएटरचा लाइट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि लसींचा फ्रिज एवढं हवंच, लस २ ते ८ डिग्रीच्या बाहेर गेली की नुसतं पाणी टोचल्यासारखं आहे आणि ते कोणाला दिसतही नाही. ऑक्सिजनचा मोठा डी टाइप सिलिंडर ७००० लिटरचा, तो बाहेरच्या बाजूला साखळीनं बांधून ठेवा आणि पाइपनं आत आणा. थिएटरमधे तो लोळवत नेताना टाइल फुटते, माझ्या दोन फुटल्यात.

पक्ष्यांसाठी काही करावं का?

संक्रांतीच्या आठवड्यात नायलॉन मांज्यानं कापलेले पक्षी रोज येतात. एक छोटी, अंधारी, शांत खोली आणि पुठ्ठ्याचे खोके एवढंच लागतं. कुत्र्यांच्या आवाजात ठेवलात तर जखमेआधी भीतीनं मरतात. जंगली पक्षी-प्राणी असेल तर वनविभागाला कळवायचं, बिबट्याचं पिल्लू मांजर समजून कोणी घेऊन आलं तरीही. हसू नका.

कचऱ्याचं कसं?

२०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागतात, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. काढलेले अवयव, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या, ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. नकाशात यासाठी मागच्या बाजूला कुलपाची, उंदीर न शिरणारी छोटी खोली दाखवा जिथे गाडी थेट येईल. पिवळी पिशवी वेटिंगमधून नेताना लोक बघतात हो.

आणखी कुठल्या परवानग्या?

तुमचं राज्य पशुवैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन, मनपाचं बांधकाम आणि वापराचं काम (युनिफाइड डीसीपीआर म्हणजे राज्याचे बांधकामाचे नियम वाचलेला आर्किटेक्ट घ्या, भावाचा मित्र नको), गुमास्ता, फायरचं. केटामाइन हे भुलेचं औषध शेड्यूल एक्समधे, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, म्हणून भिंतीत पक्कं केलेलं कुलपाचं कपाट आणि रजिस्टर.

पैसे कमी आहेत, कुठे वाचवू?

रिसेप्शनच्या फर्निचरमधे, बोर्डात, फॉल्स सीलिंगमधे, टीव्हीत. ड्रेनेज, वायरिंग आणि आयसोलेशनमधे (पार्वोसारख्या पेशंटच्या वेगळ्या खोलीत) नाही. मशीन नंतर घेता येतं, चार इंची पाइप नंतर टाकता येत नाही.

मागच्या दाराचं काय म्हणत होतात?

हां. पंधरा वर्षांचं कुत्रं कायमचं झोपवायचं ठरतं, घरातले चौघं आलेले असतात, आजोबाही. तासाभरानं ते रिकामा पट्टा हातात घेऊन निघतात आणि पहिल्या दवाखान्यात त्यांना बाहेर जायला एकच वाट होती, भरलेल्या वेटिंगमधून, जिथे कोणाचं तरी नवं पिल्लू उड्या मारतंय आणि मुलं त्याचे फोटो काढतायत. मी ते सात वर्षं बघितलं. आता मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, टेबल नाही, जमिनीवर गादी, खिडकीबाहेर कडुनिंब, दार थेट मागच्या रस्त्याला उघडतं आणि त्यांची गाडी आमचा पोरगा आधीच तिकडे आणून लावतो. बिल त्या दिवशी घेत नाही, नंतर फोनवर कळवतो.